मागे कोण थांबणार?

संध्याकाळी मैदानावर टीम पाडायची वेळ येते, तेव्हा भांडण कशावरून होतं ते आठवून बघा. फुटबॉल असेल तर दहातल्या आठ जणांना पुढेच खेळायचं असतं. गोल मारायचाय आणि मग दोन्ही हात पसरून मैदानभर पळायचंय. उरलेल्या जागा नंतर वाटल्या जातात. ज्याचा पाय अजून बसलेला नाही, जो नवीन आहे, जो कोणाचा तरी धाकटा भाऊ म्हणून आलाय, त्याला सांगितलं जातं, 'तू बॅकला थांब.' पुढच्याला आपण 'खेळ' म्हणतो आणि मागच्याला 'थांब' म्हणतो. बचावपटूबद्दल आपलं मत काय आहे, ते एवढ्यातच कळतं.

गंमत म्हणजे त्याच मैदानावर कबड्डी सुरू झाली की आपण असं वागत नाही. कळवण तालुक्यात कबड्डी काय चीज आहे हे तुम्हाला सांगायला नको. तिथे कोपऱ्यावर कोण उभा राहतो? संघातला सगळ्यात भरवशाचा गडी. लिंबूटिंबूला कोपरा कोणी देत नाही. चढाई करणारा आत आला की कोपऱ्यावरचा गडी घाई करत नाही. त्याला आत येऊ देतो, त्याच्या पायाकडे बघतो, शेजारच्याचा हात सोडत नाही आणि नेमक्या क्षणी घोटा धरतो. पकड झाली की प्रेक्षकांतून येणारा आवाज चढाईच्या आवाजापेक्षा कमी नसतो. म्हणजे बचाव ही अक्कल असलेल्या माणसाची जागा आहे हे आपल्याला माहीत आहे. फक्त चेंडू पायात आला की आपण ते विसरतो.

हा विषय आता काढायला कारण आहे. 14 डिसेंबर 2025 ला लिओनेल मेस्सी मुंबईत वानखेडे स्टेडियमवर आला. आपल्यापैकी अनेकांनी तो सोहळा मोबाइलवर पाहिला. त्याच कार्यक्रमात राज्य सरकारच्या 'महादेवा' उपक्रमाची सुरुवात झाली. राज्यभरातून निवडलेल्या 13 वर्षांखालच्या 30 मुलांना आणि 30 मुलींना काही वर्षं प्रशिक्षण आणि शिष्यवृत्ती देण्याची ही योजना आहे. उपक्रम चांगलाच आहे. मुली मुलांइतक्याच आहेत, हे तर फारच चांगलं. पण 60 जणांची निवड झाल्यावर बाकीच्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. आणि दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे: निवड चाचणीत बचावपटू सापडतो का?

माझं उत्तर आहे, सहसा नाही. बचावपटू निवडीच्या दिवशी दिसत नाही, तो सामन्यांतून घडतो. हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, आपल्याच राज्यातल्या एका खेळाडूची कारकीर्द ते सांगते.

117व्या मिनिटापर्यंत

राहुल भेके हे नाव तुमच्यातल्या किती जणांनी ऐकलंय? सुनील छेत्री सगळ्यांना माहीत आहे. भेके मुंबईचा. जन्म 6 डिसेंबर 1990. उजवा बॅक आणि पुढे मधला बचावपटू, म्हणजे आपल्या भाषेत स्टॉपर. लांबवर थ्रो फेकण्यासाठीही तो ओळखला जातो. मुंबई एफसीकडून खेळून 2014 मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालला गेला. मग इंडियन सुपर लीगमध्ये 2015 ला केरळ ब्लास्टर्स, 2016 ला पुणे सिटी आणि 2017 पासून बंगळुरू एफसी. शहरं बदलली, प्रशिक्षक बदलले, पण दर मोसमात सामने मिळत गेले.

17 मार्च 2018 ला सुपर लीगची अंतिम लढत बंगळुरूतच झाली. बंगळुरू संघ चेन्नईयिनकडून 2-3 असा हरला. चेन्नईयिनच्या तीनपैकी दोन गोल हेडरने झाले आणि ते दोन्ही मारले त्यांच्या बचावपटूने, माइलसन आल्वेसने. बरोबर एक वर्षानं, 17 मार्च 2019 ला, बंगळुरू पुन्हा अंतिम फेरीत होता. समोर एफसी गोवा, मैदान अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना. 90 मिनिटं संपली, गोल नाही. जादा वेळ सुरू झाला, तोही संपत आला. 117व्या मिनिटाला बंगळुरूला कॉर्नर मिळाला. डिमास डेल्गाडोने चेंडू उचलला आणि राहुल भेकेने डोक्याने तो जाळ्यात घातला. बंगळुरू 1-0 ने जिंकला, पहिल्यांदा सुपर लीगचा विजेता झाला. तेही भेकेच्या स्वतःच्या शहरात.

त्या रात्रीच्या बातम्यांत हा गोल होता. आधीची 116 मिनिटं कुठेच नव्हती. गोव्याचा संघ त्या मोसमात भरपूर गोल करणारा होता आणि त्यांना या अख्ख्या सामन्यात एकही गोल करता आला नाही. बचावपटूचं खरं काम ते होतं. गोल हा वरचा बोनस.

आता त्याच्या वयाकडे बघा, कारण हा भाग तुमच्या-माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. भारताच्या जर्सीत भेकेचा पहिला सामना 5 जून 2019 ला झाला, थायलंडमधल्या किंग्ज कप स्पर्धेत, कुरासावविरुद्ध. तेव्हा तो 28 वर्षांचा होता. तीन महिन्यांनी, 10 सप्टेंबर 2019 ला, भारताने दोहामध्ये आशियाई विजेत्या कतारला 0-0 असं रोखलं. त्या दिवशी उजवा बॅक भेके होता आणि डावा बॅक होता गोव्याचा मंदार राव देसाई. भारतीय फुटबॉलमध्ये अलीकडच्या काळात एवढ्या अभिमानानं आठवला जाणारा दुसरा 0-0 क्वचितच असेल.

पुढे 2021 ला भेके मुंबई सिटीत आला. 11 एप्रिल 2022 ला रियाधमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 ने हरवलं. या स्पर्धेत भारतीय क्लबचा हा पहिला विजय. निर्णायक गोल भेकेचा. 4 मे 2024 ला कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच मैदानावर 3-1 ने हरवून मुंबई सिटीने सुपर लीगचा करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार भेके होता. आणि भारतासाठी त्याचा पहिला गोल? 18 नोव्हेंबर 2024, हैदराबाद, मलेशियाविरुद्ध. वय 33, चौतीस पूर्ण व्हायला जेमतेम तीन आठवडे राहिलेले.

आपल्याकडे वीस-बावीसचं झालं की घरात विचारतात, 'अजून खेळतोयस? पुढे काय?' घरच्यांचं चूक नाही, त्यांची काळजी खरी आहे. पण बचावपटूच्या बाबतीत हे वय अजून शिकण्याचं असतं. केरळच्या कोंडोट्टीचा अनस एडाथोडिका हा आणखी एक बचावपटू. त्यानेही व्यावसायिक कारकिर्दीची सुरुवात मुंबई एफसीपासून केली. भारताकडून तो पहिल्यांदा 2017 मध्ये खेळला, तेव्हा तिशीत पोहोचला होता.

चाचणीत जे दिसत नाही

असं का होतं? कारण या जागेचं काम वेगळं आहे. फॉरवर्डने दहा वेळा चुकून एकदा गोल मारला तरी तो हिरो. बचावपटूने दहा वेळा बरोबर करून एकदा चूक केली की गोल त्याच्या नावावर. म्हणून त्याला चुकांतून आधीच, कमी महत्त्वाच्या सामन्यांत, शिकून घ्यावं लागतं.

काय शिकायचं असतं? चेंडू घेऊन अंगावर येणाऱ्यावर झडप घालायची नाही. थोडं तिरकं उभं राहायचं, त्याला बाजूच्या रेषेकडे ढकलत न्यायचं, त्याच्या कच्च्या पायावर चेंडू जाईल असं करायचं. शेजारचा पुढे गेला तर त्याच्या मागची जागा झाकायची. ऑफसाइडची रेषा धरायची असेल तर मागच्या चौघांनी एकाच वेळी पुढे सरकायचं. त्यातला एक जण जरी मागे राहिला तरी समोरचा फॉरवर्ड मोकळा. आणि हे सगळं करताना सतत बोलत राहायचं. 'डावीकडे', 'मागे माणूस आहे', 'सोड', 'माझा'. मुका बॅक म्हणजे अर्धा बॅक.

आता निवड चाचणी डोळ्यांसमोर आणा. ओळख ना पाळख अशी बावीस पोरं, वीस मिनिटांचा खेळ, बाजूला वही घेतलेले निवडकर्ते. त्यात जो तिघांना चकवून गोल मारतो त्याचा नंबर वहीत जातो. जो योग्य जागी उभा होता म्हणून पासच आला नाही, त्याचं काय लिहिणार? ज्या शेजाऱ्याचं नावही माहीत नाही, त्याच्याबरोबर रेषा धरणार कशी? निवडकर्त्यांचा दोष नाही. बचाव ही गोष्ट एका दिवसात दिसण्यासारखी नाहीच. ती दिसायला मोसम लागतो.

मंदार राव देसाईचंच घ्या. डेम्पोमधून एफसी गोवाकडे आलेला हा मुलगा आधी डाव्या बाजूने पुढे खेळायचा. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्याला मागे डाव्या बॅकला आणलं आणि तिथून तो भारतीय संघात पोहोचला. पुढे सुपर लीगमध्ये 100 सामने खेळणारा तो पहिला खेळाडू ठरला. त्याच्यातला बॅक कोणत्या चाचणीत सापडला नाही, रोज डोळ्यांसमोर खेळताना प्रशिक्षकाला दिसला.

क्लब बंद पडतात तेव्हा

इथे गोड गोड बोलून थांबलं तर तुमची फसवणूक होईल. भेके ज्या वाटेनं गेला, ती वाट आज आहे का?

मुंबई एफसी 2017 ला आय-लीगमधून खाली घसरला आणि बंद झाला. पुणे सिटी 2019 मध्ये बंद झाला. त्याआधी 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये गुंडाळला गेला. म्हणजे भेके महाराष्ट्रातल्या ज्या दोन क्लबांतून वर आला, ते दोन्ही आज नाहीत. 2025 मध्ये तर सुपर लीगच अडचणीत आली. लीग चालवण्याच्या हक्कांचा करार संपत आला होता, नवा होत नव्हता, जुलैमध्ये मोसमच थांबवला गेला. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पहिल्या संघाच्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचं जाहीर केलं. 2024 पासून भेके पुन्हा त्याच संघात होता. दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास सुरू होणाऱ्या मोसमाला 2026 चा फेब्रुवारी उजाडावा लागला. देशाकडून खेळलेल्या माणसाच्या बाबतीत ही गत असेल, तर खालच्यांचं काय बोलायचं?

मैदानावरचा हिशेबही कटू आहे. जानेवारी 2024 मध्ये कतारला झालेल्या आशियाई चषकात भारत तिन्ही सामने हरला. सहा गोल खाल्ले, एकही मारला नाही. 2025 मध्ये पुढच्या आशियाई चषकाची पात्रताही हुकली.

मग कळवणच्या पोराने फुटबॉल करिअर म्हणून बघावं का? प्रामाणिक उत्तर: शिक्षण सोडून तर अजिबात नाही. सुपर लीगमध्ये 14 संघ आहेत, 140 कोटींच्या देशात. शक्यता किती, ते तुम्हीच काढा. पण माझा मुद्दा तुमच्यातला एक जण भेके व्हावा एवढाच नाही. वरची लीग डळमळते कारण तिच्या खाली पाया नाही. आणि पाया सरकारी घोषणेतून किंवा स्टेडियमवरच्या सोहळ्यातून येत नाही, गावोगावच्या नियमित सामन्यांतून येतो.

कोल्हापूरकडे बघा. तिथे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग वर्षानुवर्षं शाहू स्टेडियमवर चालते. संघ कंपन्यांचे नाहीत. तालमींचे, पेठांचे आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. पेठेतला पोरगा आपल्या पेठेच्या जर्सीत खेळतो आणि अख्खी पेठ बघायला जाते. तिथला बॅकही गल्लीत नावानं ओळखला जातो, कारण लोकांनी त्याला मोसमभर बघितलेलं असतं. 2017 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा आहे. क्रीडाप्रबोधिनीने त्याला घडवलं हे खरं, पण फुटबॉल बघत मोठं होण्याचं वातावरण शहराने दिलं.

सात रविवार

आणि आपल्याकडे? त्याच 2017 मध्ये, विश्वचषकाच्या तोंडावर, 15 सप्टेंबरला राज्यभर 'मिशन वन मिलियन' झालं. शाळांना फुटबॉल वाटले गेले, लाखो मुलं एका दिवशी खेळली. दिवस छान गेला. तुमच्या शाळेला मिळालेल्या चेंडूंचं पुढे काय झालं, एकदा चौकशी करून बघा.

शालेय स्पर्धा होतात, पण त्या बहुधा बाद पद्धतीच्या. हरलात की घरी. आता हिशेब करा. आठ संघांची बाद स्पर्धा घेतली तर एकूण सामने होतात सात. चार संघ एकच सामना खेळून परत जातात. तीन सामने फक्त दोन संघांना मिळतात. जो बॅक पहिल्या सामन्यात चुकला, त्याला ती चूक दुरुस्त करायला पुढचं वर्ष उजाडावं लागतं. तोवर त्याची दहावी होते आणि बूट सुटतात.

त्याच आठ संघांची साखळी स्पर्धा घ्या. प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना. एकूण 28 सामने, प्रत्येक संघाला सात. रविवारी चार सामने ठेवले तर सात रविवारांत मोसम पूर्ण. कळवण, अभोणा, कनाशी, दळवट, नांदुरी, मानूर, बेज, ओतूर. ही नावं फक्त उदाहरणासाठी घेतली, तुम्ही तुमची घाला. दिवाळी झाल्यावर सुरू केलं तर नाताळाच्या आसपास संपेल. पाऊस गेलेला, परीक्षा लांब, मैदान अजून दगड झालेलं नाही.

खर्च? चांगले चार चेंडू, रेषा मारायला फक्की, दोन जाळ्या, प्रथमोपचाराची पेटी आणि येण्या-जाण्याचं एसटीचं भाडं. पंचाचे नियम शिकायला तयार असलेले दोन-तीन कॉलेजचे विद्यार्थी तुमच्यातच निघतील. तालुक्यात क्रीडा विभाग आहे, नगरपंचायत आहे, आदिवासी विकास विभागाचं कळवण प्रकल्प कार्यालय आहे. आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धा ते दरवर्षी घेतात, म्हणजे मुलं एका जागी आणायची सवय त्यांना आहे. त्यांच्याकडे आपली मागणी स्टेडियमची नको. स्टेडियमच्या मागणीवर 'प्रस्ताव पाठवला आहे' एवढंच उत्तर मिळतं. मागणी सात रविवारांची करा. ती नाकारायला कारण शोधावं लागेल.

काही जण म्हणतील, रविवारी शेतात काम असतं. असतं. कांद्याची लागण सुरू झाली की घरात माणूस कमी पडतो. म्हणूनच आपला सामना किती वाजता, ते आधी माहीत असलेली लीग बरी. तास-दीड तासाचा खेळ, मग वावरात. काही म्हणतील, आपला खेळ कबड्डी, हे शहरातलं खूळ कशाला? कबड्डी कोण काढून घेतंय? उलट ज्याला घोटा कधी धरायचा हे कळतं, त्याला टॅकल कधी करायचं हे लवकर कळेल. डोंगरातल्या वाटेनं रोज शाळेत चालत जाणाऱ्या पोरांच्या पायात दम आहे. नाशिक इथून पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. तिथे चाचणीला जाऊन वीस मिनिटांत काही दाखवता येत नसेल, तर इथेच वर्षाला सात सामने खेळलेला पोरगा तिथे कसा उभा राहतो ते बघा. निदान बोलेल तरी, 'मागे माणूस आहे' म्हणून.

आणि हो, मुलींचे संघही याच यादीत हवेत. भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलेली आशालता देवी मणिपूरची आणि तीही बचावपटूच. मुलींची लीग वेगळी काढून 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायचं नाही. सकाळी दोन सामने त्यांचे, दोन मुलांचे, असंही करता येईल. रविवार वाढतील, एवढंच.

तुम्ही काय करायचं? तुमच्या गावातून चौदा नावं गोळा करा. नावांसमोर जागा लिहा आणि पहिल्यांदा मागच्या चार जागा भरा. त्या जागांवर तुमच्यातले सगळ्यात समजूतदार, सगळ्यात चिवट खेळाडू टाका, कबड्डीत कोपरा ज्यांना देता ते. मग शाळेच्या क्रीडाशिक्षकांची सही घ्या आणि तो कागद तालुक्याच्या ठिकाणी नेऊन द्या. आठ गावांतून असे आठ कागद गेले की मोसम अर्धा उभा राहिला. आपल्यातला कोणी पुढे किती लांब जाईल हे आज कोणी सांगू शकत नाही. भेकेच्या बाबतीत ते कळायला 28 वर्षं लागली. आपल्या हातात आहे तो पहिला रविवार. दिवाळीआधी तारीख ठरवून टाका.